खाली काय हाय?

ता. वणी, जि. यवतमाळ
रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो. कापसाची शेवटची वेचणी सुरू होती, बायांचा कापूस मोजून द्यायचा होता, म्हणून धड बोललो नाही. तू दोन गोष्टी विचारल्या. पाण्याला एवढी भ्यायलेली पोरगी समुद्रात कशी नेलीस, आणि मीही माझ्या ओमला घेऊन जाऊ का. पहिल्याचं उत्तर फोनवर द्यायला गेलो असतो तर माझा आवाज टिकला नसता. म्हणून आज कागद घेऊन बसलो.

२०२२ च्या जुलैतला पूर तू पुण्याहून टीव्हीवर पाहिलास. घरातली एक गोष्ट तुला मी तेव्हा सांगितली नव्हती. वर्धेचं पाणी रात्री दोनच्या सुमारास गोठ्यात शिरलं. वरून पाऊस, त्यात धरणांचे दरवाजे उघडलेले. मी अंधारात ढोरं सोडली. कालवडीचं दावं मात्र भिजून असं आवळलं होतं की गाठ सुटेना, आणि विळा हाती लागेना. पाणी छातीला आलं तेव्हा मी तिला तशीच सोडून निघालो. ईश्वरी सात वर्षांची होती. शाळेच्या गच्चीवर आईला बिलगून ती कालवडीचं हंबरणं ऐकत होती, आणि मग ते थांबल्याचंही तिनेच आधी ओळखलं. सकाळी तिने विचारलं, "बाबा, कालवड कुठं गेली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "खाली गेली, बाई."

तो एक शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर किती बरं झालं असतं. त्या दिवसापासून पाणी दिसलं की तिचा एकच प्रश्न, "खाली काय हाय?" नाल्यावर तेच, तळ्यावर तेच. न्हाणीतल्या गंगाळातही ती आधी डोकावून पाहायची आणि मगच पाणी घ्यायची.

दोन उन्हाळे मी तिला वावरातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. तू आणि मी ज्या विहिरीत वाळले भोपळे बांधून शिकलो, तीच. आता भोपळ्याच्या जागी पाठीला रिकाम्या कॅना. पोरगी हातपाय मारायला शिकली, पण मान कायम वर. तोंड पाण्यात घालेना. आपल्या विहिरीचं पाणी हिरवंकाळं, दोन हातांखालचं काही दिसत नाही. माझ्या आईचा पाणी भरायचा पितळी गुंड त्यात पडला तो काटे टाकटाकूनही निघाला नाही. ईश्वरीला ते माहीत होतं. एवढा मोठा गुंड गिळणाऱ्या पाण्यात तोंड कशाला घालायचं, असं तिचं म्हणणं, आणि मला त्याला उत्तर नव्हतं.

मग वर्गात भूगोल शिकवताना एक दिवस मी मोबाइलवर लक्षद्वीपचं खाजण, म्हणजे प्रवाळांच्या कड्याआडचं उथळ पाणी, दाखवलं. पोरं कालवा करत होती. ईश्वरी मागून पुढे आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "याचा तळ दिसते." तेवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तळ दिसणारं पाणी या जगात आहे आणि मी तिला दोन वर्षं काळ्या विहिरीत घालतोय, हे मनातून जाईना. दुसऱ्या महिन्यापासून मी पोस्टात वेगळे पैसे टाकायला लागलो.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. लक्षद्वीपला मनात आलं आणि निघालो असं होत नाही, आधी परवाना लागतो, आणि परवान्यात ज्या बेटाचं नाव असेल तिथेच राहायचं. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा पर्यटन जवळपास बंदच असतं. आम्ही संक्रांत झाल्यावर निघालो. सुनंदा आली नाही, वेचणी आणि आई दोन्ही तिच्यावर. बल्लारशाहवरून केरळ एक्सप्रेस, मग कोची, तिथून लहान विमानाने अगत्ती. समुद्रावरून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. उतरताना खिडकीतून धावपट्टी दिसली ती दोन्हीकडे पाणी आणि मध्ये वखराच्या पासेएवढी जमीन, अशी. ईश्वरीने माझं मनगट धरलं ते होडीत बसेपर्यंत सोडलं नाही.

आमचा मुक्काम थिन्नकरावर होता. बंगारम आणि थिन्नकरा ही दोन्ही बेटं एकाच खाजणात आहेत, अगत्तीपासून होडीने जायचं. थिन्नकरावर गाव नाही. माडाची झाडं, पांढरी वाळू आणि ठरवून दिलेल्या जागेवरचे तंबू. आपल्या मर्जीने कुठेही तंबू ठोकायची मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच खाजणातलं परळी नावाच्या बेटांपैकी एक बेट धूप होऊन नाहीसं झालेलं आहे. परळी, ऐकलंस का? आपल्याकडच्या गावासारखं नाव, आणि आता तिथे नुसतं पाणी.

तुला एक गोष्ट सांगायची मला घाई झाली आहे. ही बेटं म्हणजे प्रवाळांनी बांधलेली कंकणद्वीपं, हे आपण शाळेत शिकलो. पण प्रवाळ कशावर बसलेत? खाली बुडालेल्या ज्वालामुखी खडकाचा डोंगर आहे. भूशास्त्रज्ञ असं मानतात की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून लाव्हा निघून आपलं दख्खनचं पठार झालं, त्याच जागेवरून भारताची भूमी पुढे उत्तरेकडे सरकत राहिली आणि मागे समुद्रात डोंगरांची रांग उमटत गेली. लक्षद्वीप त्या रांगेवर आहे. खडक हळूहळू खचत गेला आणि प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहिले. खचणारा डोंगर आणि वाढणारे प्रवाळ यांतून कंकणद्वीप होतं, हे डार्विनने १८४२ मध्येच मांडलं होतं. म्हणजे बघ, तुझ्यामाझ्या कापसाच्या पऱ्हाटीखालची काळी माती ज्या खडकाची झाली, त्याचाच भाऊबंद तिथे खाली आहे. मी हे वाळूत काडीने काढून ईश्वरीला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे खाली आपलं वावर हाय?" मी म्हटलं, वावराचा दगड आहे. तिला ते पटलं. तंबूत जाईपर्यंत ती दोनतीनदा पायाने वाळू दाबून पाहत होती.

रात्री तंबूबाहेर बसलो. अमावास्या जवळ होती, दिवे नव्हते. शंखातले खेकडे आपापली घरं ओढत आमच्या चपलांवरून जात होते, त्यांचा वाळूवर खरखर आवाज येत होता. निघायच्या आधी गावात मी तिला अंगणातून हात लांब करून मुठीने ध्रुव मोजायला लावला होता. क्षितिजापासून दोन मुठी. थिन्नकरावर मोजला तर कशीबशी एक मूठ, तीही माडांच्या फटीतून. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आणि आपण वीस अक्षांशावर, ते बेट अकरावर. अक्षांश म्हणजे काय हे मी पंधरा वर्षं फळ्यावर शिकवतोय, पण पोरीच्या मुठीत ते मावलेलं पहिल्यांदा पाहिलं. दक्षिणेला अगस्त्य असा वर चढलेला होता की तिने आधी तो ओळखलाच नाही.

बेटावर विहीर आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं. पावसाचं पाणी वाळूत आणि प्रवाळाच्या सच्छिद्र खडकात मुरतं, आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असते तसं. उपसा जास्त केला की खारं वर येतं आणि विहीर जाते. मी तिथे बादलीभर पाण्यात आंघोळ केली आणि आपल्याकडे रात्रभर चालणारे पंप डोळ्यांसमोर आले.

आता पाण्याचं.

पहिल्या सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही मास्क लावायला शिकलो. काच धुक्याने भरू नये म्हणून आत थुंकी चोळून विसळायची. झिपरी मास्कखाली अडकली की तिथून पाणी शिरतं, म्हणून तिचे केस मी घट्ट वेणी घालून मागे बांधले. नाक बंद, श्वास फक्त नळीतून तोंडाने. हे ऐकायला सोपं आहे. पण आपण विहिरीत उड्या मारून मोठे झालेलो, पाण्यात तोंड गेलं की श्वास रोखायचा ही शरीराची सवय. पहिल्यांदा मलाच ठसका लागला. ईश्वरी तर तोंड टेकवायची आणि झटक्यात वर. असं अर्धा तास. मी काही बोललो नाही. "भिऊ नको" म्हणायचं नाही हे मी घरून ठरवून आलो होतो, कारण भिऊ नको म्हणणारा मीच ती कालवड सोडून आलेला माणूस होतो.

मग एकदा तिचं तोंड पाण्यात गेलं आणि वर आलं नाही. नळीतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, जोरजोरात, भात्यासारखा. माझा हात तिच्या पोटाखाली. हळूहळू तो आवाज लांबत गेला, संथ झाला. मीही तोंड घातलं. प्रकाश, काय सांगू! वाळूची लाट न् लाट दिसत होती, आमच्या दोघांच्या सावल्या तळावर हलत होत्या, आणि माझ्या पायांभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते. तिने आपल्या सावलीला हात केला. सावलीने तिला केला.

दुपारपर्यंत ती प्रवाळांच्या झुडपांवर तरंगत होती. हरणाच्या शिंगांसारखे फाटे, मेंदूसारखे गोळे, आणि त्यांत निळ्या ओठांचे शिंपले, माणसाची सावली पडली की मिटणारे. एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, ढोर वाळला कडबा चावते तसा. हा मासा दगडासकट खातो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुरा मागे टाकतो. त्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी अशा माशांनी केलेली आहे. हे कळल्यावर ईश्वरीने मूठभर वाळू हातात घेऊन फार आदराने पाहिली.

पण सगळंच जिवंत नव्हतं. काही जागी फाटे मोडलेले, त्यांवर मळकट शेवाळ चढलेलं, जळालेल्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखे. तिने विचारलं, हे काऊन असं? प्रवाळ हा बारीक प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि प्रवाळाला पोसतं, रंगही त्याचाच. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश जरी जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि उपासाने मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला असं झालं, २०२४ ला पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे १९९८ पासून चोवीस वर्षं केलेल्या मोजणीत जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या पोरीला एक अंश म्हणजे काहीच वाटला नाही. मी म्हटलं, तुला ताप येतो तेव्हा एका अंशाने काय होतं आठव. मग ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली, ती तुझ्यापासून लपवणार नाही. पोरगी छान पोहते आहे या आनंदात मी तिला खाजणाच्या कडेकडे घेऊन गेलो. सोबतचा मार्गदर्शक मागून हाक मारत होता, मी ऐकलं नाही. ओहोटी लागली होती, आणि अमावास्येच्या दिवसांत ओहोटीचा ओढा जास्त असतो. सगळं पाणी खडकातल्या खिंडीतून बाहेर जायला निघतं, नाल्याच्या मोरीसारखं. तळ एकाएकी खाली गेला आणि समोर नुसतं काळंनिळं. ईश्वरीने खाली पाहिलं, नळी सोडली आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. माझा मास्क निघाला, पाणी नाकात गेलं. मी जोर करून उलट पोहत होतो आणि जागचा हलत नव्हतो. अंगावर तरंगायचं जॅकेट होतं म्हणून दोघं वर राहिलो. मार्गदर्शकाने दोरीची कडी फेकली आणि ओढ्याला आडवं, तिरपं ओढत उथळ पाण्यात आणलं. सगळं मिळून पाचसात मिनिटं झाली असतील. त्या पाचसात मिनिटांत मला गोठा दिसत होता.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. दावं, गाठ, विळा, पाणी छातीपर्यंत, आणि मी निघालो ते. मी म्हटलं, तेव्हाही माझं चुकलं असेल आणि आजही चुकलं. ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती. म्हणाली, "आज तुम्ही मले सोडलं नाही नं." मग जेवायला चला म्हणाली. नारळाच्या रसातला टुना आणि भात होता, तिने दोनदा मागून घेतला.

मला वाटलं होतं, आता ती पाण्यात उतरणार नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच मास्क आणला. पण अट घातली, भरती चढत असतानाच जायचं आणि मार्गदर्शक पुढे. त्या दिवशी आम्ही समुद्री गवतावर गेलो. मोठं हिरवं कासव तळाला गवत खात होतं. मान खाली, एक घास तोडायचा, चावायचा, दोन पावलं पुढे. अगदी बांधावर चरणाऱ्या ढोरासारखं. आम्ही वर निश्चल. ते श्वासाला वर आलं, आमच्यापासून दोन हातांवर नाकपुड्या उघडल्या, आणि परत खाली जाऊन चरायला लागलं. आम्ही ते किती वेळ पाहत होतो मला माहीत नाही. ईश्वरीने डोकं बाहेर काढलं, नळी तोंडातून काढली आणि म्हणाली, "बाबा, खाली चारा हाय."

मी परत तोंड पाण्यात घातलं. मास्क लावलेल्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत.

आता ओमचं. ने, जरूर ने. पण आधी त्याला पोहायला येऊ दे, आणि येत असलं तरी जॅकेट अंगावर ठेव. मास्क त्याच्या चेहऱ्यावर बसतो का ते पुण्यातच पाहून घे. पट्टा न लावता नुसता टेकवून नाकाने श्वास ओढायचा, मास्क चिकटून राहिला तर बरोबर. तिथे मोठ्यांचे मास्क मिळतात, लहानांचा नेमका मिळेल याची खात्री नाही. पाठ उन्हाने सोलून निघते, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल. मी बनियनवर राहिलो आणि चार रात्री पालथा झोपलो. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, त्याचे ओरखडे लवकर चिघळतात, आणि ते बोटभर वाढायलाही वर्षं घेतात. शंख-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, प्रवाळ तर कायद्याने वाघाच्या बरोबरीने जपलेले आहेत. आणि ओहोटीला कडेला जाऊ नकोस. मार्गदर्शकाची हाक आली की वळ. हे एवढं माझ्यासाठी कर.

आलो त्याला महिना झाला. मागच्या रविवारी ईश्वरी तिचा मास्क घेऊन विहिरीवर आली. मी कमरेला दोरी बांधली आणि पायऱ्यांवर बसलो. ती शेवटच्या पायरीवरून पाण्यात सरकली आणि तोंड घातलं. दोन मिनिटं नुसता नळीतला श्वास ऐकू येत होता. वर आल्यावर म्हणाली, बांधकामाचे दगड पाच थरांपर्यंत दिसतात, मध्ये पिंपळाचं मूळ आत आलंय, आणि एक मरळ तिच्याकडे पाहत होती. तळ दिसत नाही. एप्रिलात पाणी उतरलं की आजीचा गुंड दिसतो का पाहू, म्हणते.

तिने ओमसाठी एक जागा ठेवली आहे, पूर्वेकडच्या पायऱ्यांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला घेऊन ये. वहिनींना नमस्कार सांग. आई तुझी रोज आठवण काढते.

तुझा,
विलास